घडीबाईची पाळी

"आधी भिजू दे."

घडीबाई हे दिवसातून इतक्या वेळा म्हणायची, की लाँड्रीतल्या यंत्रांना वाचा फुटली असती तर त्यांच्याही तोंडून पहिलं हेच वाक्य आलं असतं. नवी आलेली एखादी पोरगी डागाळलेली चादर घेऊन खसाखसा घासायला बसली, की घडीबाई लांबूनच हात वर करायची. "अगं, अंगावर काय धावून जातेस त्याच्या? आधी भिजू दे." दोघींचं भांडण जुंपलं आणि निवाड्यासाठी तिच्यापुढे आलं, तरी उत्तर तेच. आज नको, उद्या सांगा. दुसऱ्या दिवशी निम्मं भांडण पाण्यात उतरलेलं असायचं आणि उरलेलं दोघींनाही नीट आठवायचं नाही.

ही लाँड्री होती एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात. वरच्या मजल्यांवर माणसं ज्यावर झोपतात, कण्हतात, बरी होतात किंवा होत नाहीत, ते सगळं कापड गाठोड्यांनी खाली यायचं आणि गाड्यांवरून पुन्हा वर जायचं. खाली वाफ, सोड्याचा वास, ओली फरशी आणि यंत्रांचा घरघराट. बोलायचं तर ओरडून, नाहीतर अगदी कानाशी. त्यामुळे तिथल्या बायकांकडे दोनच आवाज होते, एक बाजारातला आणि एक गुपिताचा.

घडीबाई हे नाव तिला तिच्या हातांनी मिळवून दिलं होतं. तिने रचलेला चादरींचा गठ्ठा सुरीने कापल्यासारखा दिसायचा. वरच्या परिचारिका म्हणायच्या, हिच्या घडीची चादर मोडायला जिवावर येतं. पण पलंगाची मोठी चादर कितीही हुशार बाई असली तरी एकटीने घडी होत नाही. तिला समोर दुसरी लागते. घडीबाईच्या समोर असायची आत्या.

आत्या कुणाचीच आत्या नव्हती. तिला भाऊच नव्हता. पण लाँड्रीत सगळ्यांत जुनी आणि तोंडाने सगळ्यांत फटकळ, म्हणून सगळ्यांनी मिळून तिला आत्या केली होती. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, चादर ताणायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, वाकून खालचं लोंबतं टोक उचलायचं, पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच, जवळ येणं आणि लांब जाणं. नवरा-बायकोसुद्धा दिवसातून इतक्या वेळा समोरासमोर येत नसतील. घडीबाईचा चेहरा आत्याला स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होता.

घडीबाईचा नवरा रंगारी. लोकांच्या घरांना रंग द्यायचा आणि उरलेला रंग कपड्यांवर घेऊन घरी यायचा. "मी जन्मभर डाग काढतेय आणि हा माणूस जन्मभर डाग आणतोय," ती म्हणायची. "आमचा संसार टिकलाय तो त्यामुळेच. त्याने डाग पाडायचे सोडले, तर घरात माझं काम काय?"

या दोघांना लग्नानंतर लगेच मुलगी झाली. न बोलावलेला पाहुणा दार वाजवून आत यावा आणि घरातलाच होऊन जावा, तशी ती आली. त्यामुळे मूल मागावं लागतं, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. पोरगी चालायला लागली तेव्हा घडीबाईला वाटलं, आता हिच्या पाठीवर एक असावं. पोरगी शाळेत जायला लागली. तिचे पुढचे दात पडले, नवे आले. पाठीवरच्याची चाहूल काही लागेना.

जिला एकही मूल नाही, तिच्यासमोर लोक निदान आवाज खाली करतात. जिला एक आहे, तिला भर रस्त्यात विचारतात. "आता दुसऱ्याचं बघा." "पोरगी एकटी पडेल हो." एका शेजारणीने तर डोळे मिचकावून विचारलं, "फिगर जपतेयस की काय?" सोड्याने सोललेले हात आणि गाठोडी उचलून रुंद झालेले खांदे, यांत फिगर कुठे दिसली ते तिचं तिलाच माहीत. सासूबाईंनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या दोघांत भांडण आहे का रे?" रंगाऱ्याने ते येऊन बायकोला सांगितलं आणि दोघं पोट धरून हसली. हसून झाल्यावर मात्र तो पुन्हा ब्रश धुवायला उठला आणि ती पोरीचे धुतलेले फ्रॉक घडी घालत बसली.

आत्याही त्यातलीच. तिला चार मुलं, आणि चौघंही तिला सर्दी व्हावी तशी झालेली. एकदा चादर घडी घालता घालता ती बोलून गेली, "एक आहे ना धडधाकट? मग कशाला ही हाव? आपल्या पदरात आहे ते बघावं माणसाने."

घडीबाईने कोपरे तिच्या हातात दिले. वाकून लोंबतं टोक उचललं. दुपारी डबे उघडल्यावर आत्याच्या शेजारी बसत म्हणाली, "आत्या, एक विचारू? भुकेल्या माणसाला कुणी असं म्हणतं का, की काल जेवला होतास ना, मग आज कशाला?"

आत्याचा घास हातातच राहिला. फटकळ माणसाला तोंडघशी पडायची सवय नसते. उत्तर शोधता शोधता तिच्या लक्षात आलं, की ते नाहीच आहे. त्या दिवसापासून या विषयापुरता तिने कानाला खडा लावला. आणि त्याच दिवसापासून घडीबाई तिला एकेक गोष्ट कानाशी सांगू लागली.

त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मूल न होणाऱ्यांवर उपचार व्हायचे. घडीबाई तिथे जाऊ लागली होती. तिच्या तपासण्या झाल्या, रंगाऱ्याच्याही झाल्या. तो गडी जराही कुरकुर न करता गेला आणि येताना डॉक्टरबाईंना त्यांच्या खोलीतल्या भिंतीचे पोपडे कशाने निघतील ते सांगून आला. सगळं ठीक निघालं. दोघांतही काही खोट नाही. पण मग होत का नाही? कारण सापडत नाही, डॉक्टर म्हणाल्या.

आता घडीबाई म्हणजे डागांची कुळं सांगणारी बाई. शाईचा कुठला, गंजाचा कुठला, औषधाचा कुठला, नुसत्या वासावर ओळखायची. रक्ताच्या चादरीला कुणी गरम पाणी लावलं तर कळवळायची, कारण उष्णतेने तो डाग कायमचा बसतो. तिला कारणाशिवाय चैन पडायचं नाही. तरी डॉक्टरांचं ऐकून ती खाली आली आणि आत्याला म्हणाली, "कारण नाही असं नाही म्हणाल्या त्या. सापडत नाही म्हणाल्या. हरवलेली उशीची खोळ कुठल्या ना कुठल्या गाठोड्यात असतेच ना?"

तिसऱ्या मजल्यावर जाताना ती मुलीला कधी नेत नसे. शाळेला सुट्टी असली तर मुलगी खाली लाँड्रीत, आत्याच्या नजरेखाली. "तिथे ज्या बायका बसलेल्या असतात त्यांच्यासमोर पोरीचा हात धरून जायला लाज वाटते," ती म्हणायची. "जेवून उठलेल्या माणसाने पुन्हा जेवणाच्या रांगेत उभं राहावं तसं वाटतं. वर गेले की मी लेकुरवाळी, खाली आले की एकाच मुलीची आई. माझ्यासारखीला बसायला कुठला बाकच नाही."

उपचाराच्या वेळी अंगावर एक हिरवी चादर घालतात, मधोमध खिडकी कापलेली. ज्या चादरीखाली आपण डोळे मिटून पडलो होतो, तीच चादर पुढे एखाद्या दिवशी गाठोड्यातून तिच्याच हातात यायची. ती तिचीही घडी घालायची. कोपऱ्याला कोपरा, तशीच सुरेख. आत्या समोर उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, ही बाई कशाची केली आहे कोण जाणे.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या शब्दाने केलं. लाँड्रीचं काम पाळ्यांनी चालायचं. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी. कुणाला कुठली, ते साहेब फळ्यावर खडूने लिहायचे. आणि बायकांना महिन्याच्या महिन्याला जी येते, तिलाही आपल्या भाषेत पाळीच म्हणतात. ती फळ्यावर लिहीत नाहीत, कानात सांगतात. आपली भाषा कधी कधी फार काटकसर करते. झोपाळ्यावर बसायची पाळी, कामाची पाळी आणि ही पाळी, तिघींना एकच नाव देऊन मोकळी झाली.

ज्या बाईला मूल हवं असतं, तिच्या घरात हा शब्द दर महिन्याला निरोप घेऊन येतो. घडीबाई स्वयंपाकघरात येऊन एवढंच म्हणायची, "पाळी आली." रंगारी ब्रश धुता धुता थांबायचा. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. बादली भरून वाहायची तरी नळ चालूच. भिंतीपलीकडे पोरगी पाटी-पुस्तक घेऊन बसलेली असायची. मोठ्यांना वाटतं मुलांना कळत नाही. मुलांना सगळं कळतं, फक्त शब्द चुकतात.

एका सुट्टीच्या दिवशी पोरगी लाँड्रीत उशांच्या खोळींच्या ढिगावर बसली होती. घडीबाई पलीकडच्या टोकाला इस्त्रीच्या तापलेल्या रुळाखाली चादरी सारत होती. साहेब फळ्यावर पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लिहीत होते. या साहेबांना सगळ्या शिट्टीसाहेब म्हणायच्या, कारण यंत्रांच्या आवाजात ओरडून घसा बसतो म्हणून ते गळ्यात शिट्टी बांधून असायचे. माणूस कडक. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. पण पाळ्या वाटताना एकीला झुकतं माप नाही की एकीवर राग नाही, याचा त्यांना मोठा अभिमान.

पोरगी ढिगावरून उतरली आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, पाळी तुम्हीच देता ना?"

"हो. मीच देतो."

"मग माझ्या आईला नका देऊ."

"का बरं?"

"पाळी आली की ती रडते. बाथरूममध्ये, नळ सोडून."

नशीब असं, की नेमकं तेव्हाच पिळणीचं यंत्र फेरा संपवून थांबलं. शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू गेला. बायका जागच्या जागी थिजल्या. साहेब मात्र रागाने लाल.

"रडते? माझ्या पाळीने रडते? अहो, विचारा कुणालाही! मी सगळ्यांना सारखी पाळी दिली आहे. तिला जितकी तितकीच आत्याला!"

"मला कशाला आता या वयात?" आत्या तोंडातल्या तोंडात म्हणाली. एकीने हसू दाबायला तोंडात खोळ कोंबली.

"तिची मला द्या," पोरगी म्हणाली. "मी करते. मला रडू येत नाही."

"साहेब, तुम्ही आता गप्प बसा," आत्या पुढे झाली.

"मी का गप्प बसू? माझ्यावर आळ येतोय!"

"तुमच्यावर कुणाचा आळ नाही. ही पाळी तुमच्या हातातली नाही."

"माझ्या हातातली नाही? मग कुणाच्या हातातली आहे?"

"तेच तर तिसऱ्या मजल्यावर कुणाला कळेना!"

तोंडातून गेलं ते गेलं. आधी एकदम हशा फुटला, आणि मग एकेकीच्या डोक्यात उजेड पडत गेला तसा तो विझत गेला. इतक्या काळजीने जपलेलं गुपित. आत्याने वळून पाहिलं. घडीबाई चादर हातात धरून उभी होती. आत्याला वाटलं, आता ही पोरीचं बखोट धरून बाहेर नेईल आणि माझ्याशी जन्माचं बोलणं टाकेल.

घडीबाईने चादर खांद्यावर टाकली. ओल्या फरशीवर पोरीसमोर उकिडवी बसली. सगळ्यांच्या देखत.

"ही पाळी साहेब देत नाहीत, बाळा. ती मोठ्या बायकांना आपली आपण येते, दर महिन्याला. आली की कळतं, पोटात बाळ नाही. मला वाटतं आपल्या घरी आणखी एक बाळ यावं. ते येत नाही म्हणून मला रडू येतं. तू काही केलंस म्हणून नाही."

पोरीने विचार केला. "त्याला आपलं घर माहीत नसेल."

"नसेल. पण मग तुला कसं सापडलं?"

"मी हुशार आहे," पोरगी म्हणाली.

घडीबाई जी हसत सुटली, ती हसता हसता रडायला लागली, आणि या वेळी नळ सोडलेला नव्हता. लाँड्रीतली एकही बाई कोरड्या डोळ्यांनी उरली नाही. साहेब हातात खडू धरून उभे होते. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं, पण काहीतरी कळायला हवं होतं एवढं कळलं होतं.

संध्याकाळी आत्या घडीबाईच्या मागे मागे फिरत होती. "माझी जीभ कापून देते तुला."

"जीभ घेऊन मी काय करू? असल्या फटकळ जिभेचा डाग माझ्याच्याने निघायचा नाही." मग ती थांबली. "बरं झालं, आत्या. इतके दिवस दोन गाठोडी उचलत होते. एक उतरलं."

घरी गेल्यावर साहेबांना त्यांच्या बायकोने काय काय समजावलं ते कळायला मार्ग नाही. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा 'पाळी' शब्द पुसलेला होता. सकाळची वेळ, दुपारची वेळ, रात्रवेळ.

"हे काय, साहेब?"

"आजपासून वेळ म्हणायचं."

"म्हणजे उद्या कुणी विचारलं, तर माझी वेळ आली असं सांगू?" आत्या म्हणाली. "ते मरताना म्हणतात हो!"

आठवडाभर सगळ्या एकमेकींना 'तुझी वेळ आली' म्हणून घाबरवत होत्या. शेवटी साहेबांनी हात टेकले आणि पाळी पुन्हा फळ्यावर आली. मात्र घडीबाईला त्यांनी तेव्हापासून दुपारचीच पाळी दिली, म्हणजे सकाळी तिसऱ्या मजल्यावर जाता यावं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, यंत्रांच्या सोयीसाठी केलंय.

डॉक्टरांनी आता शेवटचा उपाय सांगितला होता. गर्भ बाहेर रुजवायचा आणि मग आत ठेवायचा. त्याआधी पोटावर इंजेक्शनं, ती ठरलेल्या वेळी, म्हणजे भर कामात. घडीबाई हात पुसून म्हणायची, "चादर धरा गं." दोघी एक मोठी चादर पडद्यासारखी धरायच्या, आत्या आत जायची, आणि बाहेर उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडाला खंड नसायचा.

"झालं का?"

"थांब, आत्या अजून नेम धरतेय."

"आत्या, तिच्या पोटात टोच, चादरीत नको. भोक पडलं तर साहेब शिट्टी मारतील."

इंजेक्शनाच्या जागी काळंनिळं व्हायचं. घडीबाई कधी हाय म्हणाली नाही. ज्या गोष्टीबद्दल बायका आपल्या सख्ख्या बहिणीशी बोलत नाहीत, ती गोष्ट तिने भर लाँड्रीत, एका चादरीच्या आडोशाने, मान वर ठेवून केली. आत्याने त्या दिवसांत एक पाहिलं. आणखी दोघी नव्या पोरी, ज्यांच्याही घरी असंच काहीतरी अडलेलं होतं, एकेक करून घडीबाईच्या कानाशी जाऊ लागल्या.

घरी पोरगीही कामाला लागली होती. बाळाला घर सापडत नाही ना, म्हणून तिने बापाचा उरलेला निळा रंग घेऊन जिन्याच्या भिंतीवर बाण काढले, खालच्या दारापासून वर आपल्या उंबऱ्यापर्यंत. घरमालक तणतणत आला. रंगाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि तो गेल्यावर बाण पुसट वाटले म्हणून त्यांच्यावर दुसरा हात मारला.

गर्भ ठेवला त्यानंतर वाट बघणं. ओली गाठोडी घडीबाईच्या हातातून बायका हिसकावून घ्यायच्या. ती चिडायची. "मी काही काचेची नाही." पण चालताना पाऊल हलकं टाकायची, हे आत्याच्या नजरेतून सुटत नव्हतं. चादर झटकताना आत्या आपल्या बाजूनेच सगळा जोर लावायची. 

रक्त तपासायला दिलं त्या दिवशी दुपारी साहेबांच्या काचेच्या खोलीतला फोन वाजला. त्यांनी तो घेतला, घडीबाईला हाक मारली, तिच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर येऊन काचेला पाठ लावून उभे राहिले. रुंद माणूस. आतलं कुणाला काही दिसू दिलं नाही त्याने.

ती बाहेर आली. सरळ आत्यासमोर येऊन उभी राहिली आणि ढिगातली वरची चादर उचलली. आत्याने आपले कोपरे धरले. झटका, ताण, चार पावलं पुढे. पहिल्यांदा जवळ आली तेव्हा तिने नुसते कोपरे हातात दिले. दुसऱ्यांदा जवळ आली तेव्हा कानाशी म्हणाली, "नाही राहिलं."

आत्याच्या हातातून कोपरा सुटला. घडीबाईने तो खाली पडू दिला नाही. चादर पुरी घडी झाली, गठ्ठ्यावर ठेवून झाली. मग ती वळली आणि बाजारातल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही राहिलं गं. आता कुणी विचारू की नको करत बसू नका."

कुणीतरी यंत्र बंद केलं. कुणीतरी ते पुन्हा चालू केलं, कारण ती शांतता जास्त वाईट होती.

"पुन्हा करू," आत्या म्हणाली.  "डॉक्टर काय म्हणाल्या? पुन्हा करता येतं ना?"

"येतं म्हणाल्या."

"मग?"

"मी नको म्हणाले."

आत्याला तिच्याकडे बघवेना. "इच्छा मेली का तुझी?"

"कशाने मरेल? आहे तशीच आहे." घडीबाईने दुसरी चादर उचलली, पण उलगडली नाही, पोटाशी धरून उभी राहिली. "पोरगी सकाळी उठली की दात घासायच्या आधी माझ्याकडे येते, आत्या. माझं तोंड बघते. लोक आभाळ बघतात ना, छत्री घ्यावी की नको म्हणून, तसं. आणि मग ठरवते, आज हसायचं की गुपचूप डबा घेऊन जायचं. ती लहान आहे. तिने झोपाळ्याकडे बघावं, माझ्या तोंडाकडे नव्हे. येणाऱ्यासाठी म्हणून मी आलेलीला रोज परीक्षेला बसवतेय."

आत्याने आयुष्यात पुष्कळ बायका पाहिल्या होत्या. मागणाऱ्या पाहिल्या, मिळालेल्या पाहिल्या, न मिळाल्याने कडू झालेल्या पाहिल्या. दार अजून उघडं असताना, आत जायची ओढ अजून तशीच असताना, स्वतःच्या हाताने ते ओढून घेणारी तिने पहिल्यांदाच पाहिली. 

"रंगाऱ्याला कळवलंस?"

"काल रात्रीच ठरलं होतं आमचं. हो आलं तर हो, नाही आलं तर इथे थांबायचं. तो म्हणाला, तू सांगशील तसं. मग भिंतीकडे तोंड करून झोपला. झोपला कुठला." तिने श्वास घेतला. "पोरीला सांगायचं राहिलंय. आज कळणार हे तिला माहीत आहे. पाळी सुटायच्या वेळी येणार आहेत दोघं, बाहेर."

"मी सांगू का तिला? काहीतरी गोड करून सांगते. बाळ रस्ता चुकलं, दुसरीकडे गेलं..."

"नको. तिने साहेबांना तोंडावर विचारलं होतं. तिला आडवळणाने सांगितलेलं चालायचं नाही."

उरलेल्या वेळात तिने नेहमीइतकंच काम केलं. एक घडी वाकडी नाही. दिवे लागायच्या सुमाराला साहेबांची शिट्टी वाजली. तिने हात धुतले, सोललेल्या बोटांना तेल चोळलं, कामाच्या रबरी चपला काढून घरच्या घातल्या. दाराशी साहेब उभे होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ते म्हणाले एवढंच, "उद्या दुपारचीच."

"हो, साहेब," ती म्हणाली आणि उतरणीवरून वर चढून गेली.

रस्त्याच्या बाजूला, छताला लागून लाँड्रीची एक जाळीची खिडकी होती. तळघराची खिडकी ती, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. आत्याने एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर चढली.

पलीकडच्या कडेला रंगाचे शिंतोडे उडालेले दोन बूट उभे होते. त्यांच्याशेजारी दोन छोट्या चपला, एका पायावर उडी, मग दुसऱ्या पायावर उडी. घडीबाईचे पाय आले आणि त्यांच्यासमोर थांबले. छोट्या चपला स्थिर झाल्या. मग घडीबाई खाली बसली, तेव्हा तिचे गुडघे दिसले, हात दिसले, वाकलेली मान दिसली. ती बोलत होती. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मध्येच पोरीने काहीतरी विचारलं असावं, कारण घडीबाई बोलायची थांबली, आणि मग पुन्हा बोलू लागली. तिचे खांदे हलले. हसली की रडली, ते आत्याला पाठीवरून ओळखता आलं नाही, इतकी वर्षं समोर उभी राहूनसुद्धा.

"काय दिसतंय?" खालून कुणीतरी विचारलं. बादलीभोवती सगळ्या जमल्या होत्या. मागे साहेब होते, शिट्टी मुठीत धरून.

"पोरगी उभी आहे."

"मग?"

"मग काय? घडीबाई उठली."

तिघांचे पाय वळले. आधी पोरगी मधोमध होती. मग ती दोघांच्या मधून निसटून पुढे धावली, आणि मागे रंगाचे बूट आणि घडीबाईच्या चपला जवळजवळ, सावकाश, एका चालीने खिडकीच्या कडेपर्यंत गेल्या. तिथून पुढे आत्याला दिसत नव्हतं. तरी ती बादलीवरून उतरली नाही, आणि कुणी तिला उतर म्हणालंही नाही.